चालायला शिकलेले घोडे

पहाटे 4:45

दिवसाचं पहिलं काम म्हणजे लीद बघणं. बॅटरीचा झोत घोड्याच्या तोंडावर मारायचा नाही, खाली थानात धरायचा. रात्रभरात लीद किती पडली, गोळे घट्ट आहेत की सैल, चारा किती उरला, पाणी किती खाली गेलं, एवढं पाहिलं की आठ जनावरांची रात्र कशी गेली ते समजतं. एखाद्या थानात लीदच दिसली नाही तर पोटात कळ आहे असं धरून चालायचं. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं. अडलं तर जिवावर बेततं.

समुद्रकाठच्या तबेल्यात यात वाळूची भर पडते. जमिनीवरचा चारा वेचताना घोडा वाळूही गिळतो आणि ती आतड्यात साचत जाते. म्हणून आम्ही चारा रबरी चटईवर टाकतो. शिवाय अधूनमधून प्रत्येकाची लीद पारदर्शक हातमोज्यात घ्यायची, पाणी घालायचं आणि मोजा खिळ्याला टांगून ठेवायचा. थोड्या वेळाने मोज्याच्या बोटांत किती वाळू बसली ते दिसतं. पाहुणे यायच्या वेळेपर्यंत हे मोजे लटकत राहिले तर मादाम, म्हणजे मालकीणबाई, चिडतात. त्यांचंही बरोबर आहे. सहलीचे पैसे मोजून आलेल्या माणसाला पहिलं दर्शन याचं नको.

तबेला मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला, ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर 556 मीटर उंच, काळ्या कातळाचा, समुद्रात घुसलेला. सप्टेंबर संपत आला की सहाच्या सुमाराला उजाडतं, पण आमचा किनारा डोंगराच्या पश्चिमेला असल्याने ऊन वाळूवर उतरायला वेळ लावतं. तेवढी सावली हेच आमचं भांडवल. पहिली फेरी तिच्यात उरकायची.

मी माथेरानचा. दस्तुरीला मोटारी थांबतात आणि पुढे माणूस मुख्यतः पायी, घोड्यावर नाहीतर छोट्या गाडीने जातो. तिथे घोडा हे वाहन आहे, इथे तो फोटो आहे. हा फरक पहिल्या आठवड्यातच कळला. त्यामुळे काम किती बदलतं हे कळायला मात्र बराच काळ गेला.

5:00

तोंतों चंदी घेऊन येतात. क्रिओलमध्ये काकाला तोंतों म्हणतात आणि त्यांना सगळा तबेला याच नावाने हाक मारतो. वय सत्तरीकडे झुकलेलं. तरुणपणी पोर्ट लुईला, शाँ-द-मार्सच्या घोडदौडीच्या तबेल्यांत मोतद्दार होते. घोड्याचं धूड मोठं असलं तरी पोट लहान, दहा-पंधरा लिटरांचं. त्यामुळे चंदी थोडी थोडी, दिवसातून तीनदा, आणि मध्ये चारा सतत तोंडासमोर. चंदी खाल्ल्यावर तासभर तरी खोगीर चढवायचं नाही. फेरी सातला असेल तर चंदी पाचला, हा हिशोब तोंतों घड्याळ न बघता पाळतात. चंदी चालू असताना कुणी जवळ उभं राहिलेलं खपत नाही. घोड्यांना चालतं, तोंतोंना चालत नाही.

5:30

खरारा. ब्रश अंगावर फिरत असतो, पण माझं लक्ष दुसऱ्या हाताकडे. तो हात गुडघ्यापासून खाली, नळीच्या मागच्या शिरेवरून सरकवत न्यायचा. शीर दोरीसारखी सरळ आणि थंड लागली पाहिजे. कुठे फुगवटा किंवा ऊब जाणवली तर तो घोडा आज सुट्टीवर. फेरी भरलेली असो, मादाम काहीही म्हणोत. आमच्या आठांपैकी सात घोडे शर्यतीतून आले, आणि त्यांतल्या बहुतेकांची शर्यत याच शिरेने संपवलेली आहे.

शाँ-द-मार्स हे मूळचं फ्रेंचांचं कवायतीचं मैदान. 1810 साली इंग्रजांनी बेट घेतलं आणि 1812 मध्ये कर्नल ड्रेपर या अधिकाऱ्याने तिथे शर्यती सुरू केल्या. मुंबईचं महालक्ष्मी मैदान त्यानंतर सत्तरेक वर्षांनी झालं. शर्यतीचे घोडे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतात. घोडा सात-आठ वर्षांचा झाला की शर्यतीतलं आयुष्य साधारण आटोपतं आणि तो जगतो पंचवीस वर्षं. मधल्या वर्षांचं काय करायचं हा प्रश्न बेटावर जास्त टोचतो, कारण इथे मोकळी कुरणं फार नाहीत. सपाट जमीन दिसली की तिथे ऊस. मग काही घोडे आमच्यासारख्यांकडे येतात. कागदावर त्यांची शर्यतीची भारदस्त नावं आहेत. माझ्या तोंडी ते दिवाण, पाटलीण, सखाराम.

लोकांना वाटतं शर्यतीच्या घोड्यावर बसायला मिळतंय म्हणजे चैन आहे. खरं तर शर्यतीच्या घोड्याला सहलीचा घोडा करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात चिवट काम. त्याला उभं राहता येत नाही. शर्यतीत जॉकीला कुणीतरी पायाला हात देऊन वर चढवतो, तेव्हाही घोडा चालत असतो. इथे त्याला ओट्याजवळ दगडासारखं उभं राहायचं असतं. एक आजीबाई तीन वेळा प्रयत्न करून एक पाय पलीकडे टाकतील, तोवर. त्याला मागे राहता येत नाही. पुढचा घोडा जरा लांब गेला की याचे कान टवकारतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे लगाम. जॉकी लगाम आखडून धरतो आणि घोडा त्या ओढीवर भार टाकून पळतो. लगाम ताणला की जोर लावायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आता त्याच्या पाठीवर नवशिका बसतो. घोडा दोन पावलं झपझप टाकतो, माणूस घाबरतो, घाबरून लगाम खेचतो, आणि घोडा समजतो की आता सुटायचं. किनाऱ्यावर जे काही वाईट होऊ शकतं, ते बहुतेक इथूनच सुरू होतं.

म्हणून आम्ही त्यांना उलटं शिकवतो. स्वाराने श्वास सोडला, बूड जड केलं की थांबायचं. ताणलेल्या लगामाकडे कानाडोळा करायचा. सुरुवातीला आम्हीच पाठीवर बसून मुद्दाम चुकीचं वागतो. खेचतो, डुगडुगतो, किंचाळतो, टोपी पाडतो. दिवाणाला हे सगळं समजायला काही महिने पुरले. सखारामाला वर्ष लागलं, आणि त्याच्याबद्दल मी अजूनही पैज लावणार नाही.

6:30

आमची दुसरी वाटाडी येते. कास्कावेलची मुलगी, एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या बाजूने उसाच्या कामावर आणलेल्या मराठी लोकांच्या वंशातली. घरी सगळे क्रिओल बोलतात, पण मराठी शाळेत शिकली. त्यामुळे माझ्याशी ती पाठ्यपुस्तकातलं बोलते. “भाऊ, आपण चहा घेणार का?” मी म्हणतो, “आण गं पटकन.” मग ती वळून पाटलिणीला क्रिओलमध्ये अशी काही झापते की घोडी निमूट पाय उचलून देते. गणपती नुकतेच गेलेत. इथे चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या दिवशी तिने रजा घेतली होती आणि मी, माथेरानचा मराठी माणूस, फेऱ्या मारत होतो.

पाहुणे आले. फॉर्म भरणं, शिरस्त्राण, बंद बूट, आणि मग वजनकाटा. काट्यावरून वाद नाही असा दिवस क्वचित. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं, खोगिरासकट, टाकू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. पाचशे किलोच्या घोड्याला तो लावा, त्यातून खोगीर वजा करा, नवशिका माणूस पोत्यासारखा बसतो म्हणून आणखी थोडं कमी करा. आमच्याकडे मर्यादा नव्वदची. नोंदणी करताना लोक वजन सांगतात ते लग्नाच्या वेळचं असतं.

आज सकाळी नाशिकचं एक जोडपं आहे, हनिमूनला आलेलं. नवऱ्याने नोंदवलंय 85. काटा म्हणतो 97. तो काट्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

“बूट काढून बघू का?”

“काढा ना. पण मग घोड्यावर चढताना परत घालावे लागतील.”

माझं मराठी ऐकून दोघंही उडतात. “दादा, तुम्ही आपल्याकडचे?” मग माथेरान, दस्तुरी, पॅनोरमा पॉइंट, सगळं निघतं. ओळख निघाली की माणसाला वाटतं, आता काटा दहा-बारा किलो इकडेतिकडे करेल. मी त्यांना सांगितलं, “साहेब, पैसे परत मिळतील. पण आज आम्ही सगळा वेळ चालीनेच जाणार. तुम्ही किनाऱ्यावर आमच्या बरोबरीने चालू शकता. ताई घोड्यावर, तुम्ही पायी. व्हिडिओही तुम्हीच काढा.” ताई हसल्या. त्यांना घोड्यापेक्षा हे दृश्य जास्त आवडलेलं दिसलं.

7:00

ओळ लावायची. पुढे मी दिवाणावर, मागे कास्कावेलची. मध्ये पाच पाहुणे. पाटलीण शेवटून दुसरी, शेपटीला लाल फीत बांधून. मागून कुणी फार जवळ आलं तर ती लाथ झाडते, म्हणून ही खूण. पाहुण्यांना एकच सूचना पुन्हा पुन्हा द्यायची. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. खूर दिसेनासे झाले तर आपण फार जवळ गेलो, सगळा घोडाच चित्रातल्यासारखा दिसायला लागला तर फार मागे राहिलो.

सुरुवातीची वाट सुरूच्या बनातून. सुरूच्या सुयांचा जाड थर असल्याने टापांचा आवाज होत नाही आणि लोकांचा आवाजही आपोआप खाली येतो. या टापूत हरणं आहेत, डचांनी 1639 मध्ये जावाहून आणलेल्यांची पिल्लावळ. झुडपातून एखादं उसळलं की घोडा बिचकतो. दिवाणाचा कान कुठे वळतो तिकडे माझं लक्ष. त्याला वास आणि आवाज माझ्या कितीतरी आधी लागतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. त्यामुळे बाजूला काय चाललंय याची बातमी त्याच्याकडून घ्यायची आणि समोर कुठे जायचं ते आपण ठरवायचं. वाटाड्या मी, पण काम अर्धं त्याचं.

बन संपलं की कोरडी वाळू. पांढरी, पोवळ्यांची, मऊ. पर्यटकाला पळवावंसं वाटतं ते नेमकं इथे. आणि घोड्याने पळू नये तेही नेमकं इथे. भुसभुशीत वाळूत खूर रुततो, टाच खाली जाते आणि तीच मघाची शीर ताणली जाते. तिच्यातून हळू, तिरकं उतरून पाण्याच्या कडेला जायचं, जिथे ओली वाळू घट्ट असते. पण ही ओली पट्टी इथे अरुंद. अलिबागला ओहोटी लागली की समुद्र मैलभर मागे गेल्यासारखा वाटतो, कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते. मॉरिशसला भरती-ओहोटीत फरकच जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यामुळे आमचा रस्ता म्हणजे पाच-सात पावलांची ओली कड, तीही समुद्राकडे उतरती. उतारावर जाताना घोड्याच्या एका बाजूच्या पायांवर जास्त भार येतो. येताना तो दुसऱ्या बाजूवर येतो. म्हणून जितकं जायचं तितकंच त्याच वाटेने परत यायचं. “दुसऱ्या रस्त्याने नेता का?” असं रोज कुणीतरी विचारतं.

लाटा किनाऱ्यावर फुटत नाहीत, दूर पोवळ्यांच्या बांधावर फुटतात. आतलं पाणी तळ्यासारखं. आवाज लांबून येतो, पायाशी मात्र चुळुक चुळुक. नव्या घोड्याला हे फसवं वाटतं. चकाकणारी कड सरकताना दिसली की तो तिच्यावरून उडी मारतो, जणू नाला ओलांडतोय. पाण्यात शिरायच्या जागा ठरलेल्या. बाकी ठिकाणी तळाशी काळे खडक, समुद्री साळिंदरांचे काटे आणि तुटलेली पोवळी.

नाशिकचे साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून चालत होते, फोन समोर धरून. चालीच्या घोड्याबरोबर माणूस आरामात चालू शकतो. थोड्या वेळाने अपेक्षेप्रमाणे आवाज आला. “अगं, जरा पळव ना! असं वरातीतल्यासारखं काय चाललंय?”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. आयाळ घट्ट धरलेली, चेहऱ्यावर भीती आणि हौस निम्मी निम्मी.

“ताई, तुम्हाला पळवायचाय का?”

“नाही हो.”

“मग झालं.”

सिनेमांनी किनारा आणि घोडा यांचं एक लग्न लावून दिलंय. पांढरा झगा, सुटलेले केस, चौखूर. माणसं हजारो किलोमीटर येतात ती ते चित्र डोक्यात घेऊन. माझं काम घोडेस्वारी शिकवण्याचं असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग नकार देण्यात जातो, तोही असा की समोरच्याला आपल्याला काही नाकारलं गेलंय असं वाटू नये. ज्यांना बसता येतं अशांना मी दुडकी देतो. ओल्या पट्टीवर, शे-दोनशे पावलं, आणि तीही घरापासून दूर जाताना. घराकडे तोंड असताना कधीच नाही. परतीच्या वाटेवर प्रत्येक घोड्याला चंदी दिसत असते. आणि सात घोडे जे एकेकाळी कळपाने सुटायला शिकलेत, त्यांच्यातला एक सुटला की बाकीचे विचारत बसत नाहीत.

व्हिडिओसाठी मात्र एक युक्ती आहे. मी साहेबांना म्हणालो, फोन गुडघ्याखाली न्या, पाण्याला टेकेल इतका, आणि मंदगतीवर टाका. ताईंना फक्त पाण्यातून चालत जाऊ दिलं. खुरांनी उडालेलं पाणी, मागे डोंगर, आयाळ हलतेय. बघून साहेब म्हणाले, “अरे, हा तर पळतोय!” नाशिकमध्येही सगळ्यांना तो पळतानाच दिसेल. मला चालेल.

9:15

दुसरी फेरी, लहान मुलांची. दोरीने धरून नेलेले घोडे, सुरूच्या बनातून एक वळसा. मुलं सर्वांत चांगले स्वार, कारण त्यांना काही सिद्ध करायचं नसतं. आईबाप बाजूने पळत फोटो काढतात आणि सुरूच्या मुळांना ठेचकाळतात.

10:30

वारा. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा व्यापारी वारा इथे नेमाने वाहतो आणि दुपारकडे झेपावतो. ल मॉर्नच्या टोकाला त्यासाठी जगभरातून पतंगवाले येतात, म्हणजे पायाखाली फळी आणि वर मोठा कापडी पतंग घेऊन पाण्यावर पळणारे. बघायला सुंदर. घोड्याला मात्र वरून झेपावणारी, फडफडणारी, रंगीत वस्तू म्हणजे शिकारी. त्यांचं आमचं भांडण नाही, नुसती वेळेची वाटणी आहे. सकाळ आमची, दुपार त्यांची. पहिला पतंग वर गेला की शेवटचा घोडा बनाच्या आत असला पाहिजे. मागच्या हिवाळ्यात एक पतंग तुटून वाळूवर आला तेव्हा सखाराम ज्या चपळाईने मागे वळला, त्यावरून त्याचं शर्यतीतलं आयुष्य वाया गेलं नव्हतं एवढं नक्की कळलं.

11:00

आंघोळ, गोड्या पाण्याने. समुद्राचं पाणी पायांच्या शिरांना बरं, पण ते अंगावर वाळलं की मिठाचे कण खोगिराखाली आणि तंगाखाली घासतात, कातडी सोलवटते. तंगाची जागा, काखा, टाचेमागची खोबण, इथे पाइप धरून रेंगाळायचं. मग चामड्याचा नंबर. खऱ्या कातड्याचं सामान खाऱ्या हवेत भेगाळतं, म्हणून बरंचसं आम्ही कृत्रिम ठेवलंय. तोंडातली कडी बिनगंजाच्या पोलादाची, रिकिबीही तशाच. तरी रोज धुवायचं. घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. बादल्या किती भरल्या ते पाटीवर खडूने लिहायचं. पाणी कमी प्यायला म्हणजे उद्या पहाटे लीद कोरडी.

12:30

रस्त्याकडेच्या गाडीवरून दाल पुरी. मऊ पुरीत कडधान्याची रस्सेदार भाजी, वर मिरचीचा ठेचा. पुरणपोळीत गुळाऐवजी मीठ घालावं तशी लागते. भारतात तेव्हा दोन वाजलेले असतात, आई जेवून आडवी व्हायच्या आधी फोन करते. तिचा प्रश्न ठरलेला, “पाऊस आहे का रे?” माथेरानच्या बाईला दुसरा ऋतू माहीत नाही.

2:00

शनिवार. म्हणजे शाँ-द-मार्सला शर्यती, आणि तोंतोंचा फोन लगामांच्या खुंटीला टांगलेला, पूर्ण आवाजात.

दुपारी खरं तर खोगिरांची शिवण तपासायची, खूर साफ करून त्यांच्या कडा बघायच्या. वाळूवर चालणाऱ्या घोड्यांना आम्ही नाल ठोकत नाही, पण नालबंद दीड-दोन महिन्यांनी येऊन खूर कापून, सारखे करून जातो. यातलं काहीही तोंतोंच्या हातून शर्यत चालू असताना होत नाही. निवेदक फ्रेंच आणि क्रिओलच्या मिश्रणात तोंडाला फेस येईतो बोलतो. शाँ-द-मार्सचा फेरा लहान, तेराशे मीटरच्या आत. वळणं आवळ. सरळ पट्टा येईपर्यंत काही खरं नसतं, असं तोंतों म्हणतात. ते पैसे लावतात का, हे मी विचारत नाही. मादामही विचारत नाहीत.

तबेल्यात ज्यांनी त्या वळणांवर धूळ खाल्ली ते घोडे चारा चघळत उभे असतात. निवेदकाचा आवाज चढला की दिवाण मान वर करतो का, हे मी पुष्कळदा निरखून बघितलंय. करत नाही. त्याला फोनमधला आवाज म्हणजे पावसासारखाच. आपल्यालाच वाटतं की त्याला आठवत असेल. तोंतोंना मात्र सगळं आठवतं. कुठल्या घोड्याची आई कोण, कुणाची शीर कुठल्या शर्यतीत गेली, कुणाला ती शीर दुखत असताना धावायला लावलं. हे शेवटचं सांगताना ते नाव घेत नाहीत, आणि मी लिहीत नाही.

4:00

शेवटची फेरी, पोहण्याची, पतंगांच्या टोकापासून लांब. रेयुनियों बेटावरचं एक कुटुंब, चौघंही घरचे स्वार. बाप म्हणाला मी लहानपणापासून बसतो. हे वाक्य मी रोज ऐकतो आणि खरं-खोटं रिकिबीत पाय घालताना कळतं. त्याचं खरं निघालं. खोगिराच्या टोकाला न लोंबकळता हलकेच बसला. त्याला सखाराम दिला.

पाण्यात न्यायचे तेव्हा खोगीर काढून. छातीपर्यंत पाणी आलं की घोडा आधी थबकतो, नाक फुगवतो, मग पुढच्या पायांनी पाणी कापत सुटतो. स्वाराचं बूड आपोआप उचललं जातं. अशा वेळी आयाळ धरायची, लगाम सैल सोडायचा आणि मागे तरंगायचं. घोड्याचं डोकं वर ओढलं की त्याचा तोल जातो. आणि पुढच्या पायांजवळ यायचं नाही, ते पाण्याखाली वल्ह्यासारखे चालतात. दोन-तीन मिनिटं पुरे, कारण पोहणं हे घोड्यासाठी धावण्याइतकंच दमवणारं. बाहेर आल्यावर नाकपुड्यांकडे आणि बरगड्यांकडे बघायचं, श्वास किती वेळात खाली येतो. सखाराम बाहेर आला, त्याने अंग झाडलं आणि बापाला नखशिखान्त भिजवलं. तो आधीच भिजलेला होता, हे त्याच्या लक्षात नसावं.

परतताना धाकट्या मुलीने डोंगराबद्दल विचारलं. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेली माणसं या कड्यावर, गुहांतून, राहिली. दंतकथा अशी की 1835 च्या 1 फेब्रुवारीला गुलामगिरी रद्द झाली, ते सांगायला शिपाई डोंगर चढू लागले, आणि वरच्यांना वाटलं आपल्याला धरायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. 2008 मध्ये युनेस्कोने डोंगराला जागतिक वारशात घेतलं. 1 फेब्रुवारीला पायथ्याशी माणसं जमतात, आणि त्या दिवशी आमचे घोडे बाहेर निघत नाहीत. हे मी घोडा थांबवून, खाली उतरून सांगतो. चालता चालता, दोन फोटोंच्या मध्ये सांगायची ती गोष्ट नाही. मादामचं मत वेगळं आहे. त्यांना वाटतं सहलीत दुःखाची गोष्ट नको. पण ज्याच्या पायथ्याशी आपण धंदा करतो तो डोंगर काय आहे हे विचारल्यावर हवामान सांगायचं का?

6:15

सूर्य बुडाला. वाळूवरची लीद गोळा करायला फावडं आणि पोतं घेऊन एक चक्कर. किनारा सगळ्यांचा आहे, आणि तक्रार एकच पुरते. मग पुन्हा गोडं पाणी, पुन्हा पायांवरून हात, पुन्हा चंदी. पाटलिणीच्या उजव्या मागच्या पायाला थोडी ऊब वाटतेय. तोंतोंनीही हात लावून बघितला आणि काही न बोलता पाटीवरचं तिचं नाव पुसलं. उद्या सात घोडे.

बक्षिशीचा डबा उघडला. पाहुणे पैसे देतात ते फोन धरणाऱ्याला, लीद उचलणाऱ्याला नाही. म्हणून सगळं डब्यात टाकायचं आणि चार वाटे करायचे. नवीन आलेला एक पोऱ्या या पद्धतीवर महिनाभर नाराज होता. मग त्याची पाळी फावड्यावर आली.

8:30

उद्याच्या नोंदी बघायच्या. सकाळी सातला पाच, त्यात एकटा येणारा एक गृहस्थ. त्याने संदेश पाठवलाय, “मला दहा वर्षांचा अनुभव आहे, मला तुमचा सर्वांत वेगवान घोडा हवा, आणि किनाऱ्यावर पूर्ण वेगाने पळवायचं आहे. फोटोग्राफर सोबत असेल.” मी लिहिलं, आपलं स्वागत आहे, सात वाजता भेटू, पूर्ण वेग मात्र होणार नाही, दिवाण नावाचा उत्तम घोडा राखून ठेवतो. दिवाण माझा, पण पाटलीण नाही म्हटल्यावर मी सखारामावर पुढे बसेन. सखारामाला पुढे घातलं की तो कमी बिघडतो, त्याला पाठलाग करायला कुणी उरत नाही.

खाली एक ओळ जोडली, “कृपया आपलं सध्याचं वजन कळवा.”

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही.